खिडकीतला पहारा

"उजवा हात समोर!" शेप सर ओरडले आणि आम्ही आख्खी दहावी मैदानात हात पुढे करून उभे राहिलो. तळवा खाली. घोळ इथंच झाला.

कॉपीमुक्तीचा सप्ताह होता. बाकीच्या शाळांत मुलं शपथ सरांच्या मागोमाग म्हणतात, पण विस्तार अधिकारी बघायला येणार म्हणून शेप सरांनी ठरवलं होतं की आमच्या खळेगव्हाणच्या शाळेत ती पाठ म्हणायची. मी सोडून सगळ्यांनी ती उजव्या तळहातावर लिहून आणली होती.

"मी अशी शपथ घेतो की..." इथपर्यंत सगळ्यांचा आवाज टणटणीत. पुढं एकदम शांतता. मग आमच्या भावकीतला बालाजी होता ना, त्यानं हळूच तळवा वर केला. शेजारच्यानं केला. बघता बघता सगळी रांग हात पसरून उभी. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, लेकरं प्रसादाला उभी आहेत.

"...परीक्षेत कोणत्याही प्रकारची कॉपी करणार नाही!" आता सगळे पुन्हा जोरात. कॉपी करून.

विस्तार अधिकारी खूश झाले. टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मी मात्र तळवा खालीच ठेवून म्हणत होते, म्हणून माझ्या मागं कुणीतरी येऊन थांबलं.

"काय गं, तुझा हात रिकामाच?"

मागं बघितलं तर त्याच दिवशी रुजू झालेल्या मुख्याध्यापिका. उफाडे मॅडम. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, हातात शेंगदाण्यांची पुडी.

"मला पाठ आहे, मॅडम."

"नाव?"

"शिवकन्या मुंजाजी काचगुंडे."

"आवाज चांगलाय. उद्यापासून मधल्या सुट्टीत माझ्याकडं येत जा."

मला वाटलं, मोठा मान मिळाला. कसला मान! रोज मधल्या सुट्टीत मॅडम पुडी पुढं करायच्या आणि विचारायच्या, "हं, सांग. तुमच्या गावात कुणाचं कुणाशी पटत नाही?"

आता मी बोलकी. त्यात हा विषय. मी सुरूच झाले. अमक्याच्या विहिरीतला हिस्सा, तमक्याचा गोठा वाटेत आलेला, सरपंचाच्या निवडणुकीत पडलेले आणि पाडलेले. आमचं घर तरी मागं कशाला ठेवू? पप्पांचं आणि दिगांबर काकांचं तर बघायलाच नको. सख्खे चुलतभाऊ, शेताला शेत लागून. काका म्हणतात, पप्पांनी त्यांचा बांध कोरला. पप्पा म्हणतात, दिग्यानं माझा कोरला. मधे बांध असा उरलाय की त्याच्यावरून मांजर जाताना तोल सांभाळते. मी लहान होते तेव्हापासून दोघं एकमेकांच्या लग्नाकार्याला नाहीत, मयतीला नाहीत. मॅडम मन लावून ऐकायच्या आणि शेंगदाणे खायच्या. मला वाटायचं, बाईला गप्पांची आवड दिसते.

घरी मात्र माझं वेगळंच चाललं होतं.

"दहावी झाली की तुला शिलाई मशीन घेऊन देतो," पप्पा जेवताना म्हणाले.

"मला अकरावी सायन्सला जायचंय. परभणीला."

"उज्ज्वला पण गेली होती."

झालं. उज्ज्वलाताईचं नाव निघालं की आमच्या घरातला विषय संपायचा. माझ्या आत्याची मुलगी. आमच्याच शाळेत दहावीला चौऱ्याऐंशी टक्के. गावभर पेढे. परभणीच्या कॉलेजात गेली आणि दिवाळीला परत आली ती कायमची, कारण तिथं फळ्यावरचं तिला काहीच कळत नव्हतं. ते चौऱ्याऐंशी टक्के शेप सरांचे होते. पाण्याचा जग घेऊन ते वर्गात फिरायचे आणि पाण्याबरोबर उत्तरंही वाढायचे. गाव ताईला अजून "चौऱ्याऐंशी" म्हणून हाक मारतं.

"मी माझं माझं लिहीन, पप्पा."

"लिही की. पण मला कसं कळावं?" पप्पा चिडून नव्हते बोलत, म्हणूनच मला जास्त लागलं. "आपल्या शाळेत म्हैस बसवली तरी फर्स्ट क्लास येती. तुला नव्वद पडले तरी माझा विश्वास बसायचा नाही, अन गावाचा तर त्याहून नाही. पोरीचं हसू करून घ्यायला धाडत नाही मी."

मी ताटावरून उठले. अभ्यास केला तर काय उपयोग, हे मला कळत नव्हतं. नाही केला तर काय होणार, ते चांगलं कळत होतं. म्हणून करत राहिले.

परीक्षेच्या आधी मॅडमनी पालकसभा घेतली. स्वागतगीत माझं, म्हणून मी पुढंच बसले होते. संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब खुर्चीत, शेप सर माईकवर.

"गेल्या वर्षी पथकानं आपल्या केंद्राला ताकीद दिली," शेप सर म्हणाले. "औंदा खिडकीत एक जरी माणूस दिसला तर केंद्र बंद अन सगळ्या लेकरांचा निकाल राखून ठेवणार. तरी उपाय सुचवावेत."

"कॅमेरे लावा," कुणीतरी म्हणालं.

"लावलेत. आंब्याच्या झाडावर रोखलेत. कैऱ्या चोरीला जात होत्या."

"मग खिडक्यांना जाळी मारा."

"मारली होती," मागून आवाज आला. "ती आता सदाशिवच्या कोंबड्यांना आहे."

सगळे हसले. सदाशिवही हसला. मग मॅडम उठल्या. त्यांनी माईक घेतलाच नाही.

"जाळी नको, कॅमेरा नको. मला माणसं पाहिजेत. प्रत्येक खिडकीला एक पहारेकरी, गावातलाच. टोपी देऊ, बिल्ला देऊ, शिट्टी देऊ. मान शाळेचा, जबाबदारी तुमची. कोण कोण तयार आहे?"

मी मागं वळून बघितलं तर जत्रेत कुस्तीला येतात तसे हात वर. दर वर्षी खिडकीवर लटकणारे सगळे! आजवर पाइपवरून चढावं लागायचं, आता टोपी घालून उभं राहायला मिळणार. पप्पांचा हात वर नव्हता, पण दिगांबर काकांचा वर गेलेला दिसला आणि पप्पांचा त्याच्याहून वर गेला.

शेप सर तर इतके खूश झाले की त्यांनी मॅडमसाठी टाळ्या मागितल्या.

"आणि सर," मॅडम त्यांना म्हणाल्या, "पेपरच्या वेळेत आपल्या सगळ्या शिक्षकांसाठी प्रयोगशाळेत एक कार्यशाळा ठेवलीय. विषय, कॉपी कशी रोखावी. मार्गदर्शक तुम्हीच."

"मी? रोज?"

"अनुभव तुमचाच दांडगा."

पहिल्या पेपरच्या सकाळी पहारेकरी टोप्या घालून रांगेत उभे. खिशातून चिठ्ठ्या डोकावत होत्या. मॅडम एकेकाला खिडकी नेमून देऊ लागल्या.

"दिगांबर काचगुंडे, दोन नंबरची खोली."

"मॅडम, चूक झाली. माझा बालाजी तीनमधी आहे."

"म्हणूनच तुम्ही दोनमध्ये."

"पण दोनमधी तर..." काका थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "दोनमधी तर मुंज्याची पोरगी आहे."

"हो का? मुंजाजी काचगुंडे, तीन नंबर. बालाजीची खिडकी."

पप्पा पुढं येता येता जागीच थांबले. मग सदाशिवला ज्याच्याशी त्याचा विहिरीवरून वाद त्याच्या पुतण्याची खिडकी मिळाली. निवडणुकीत पडलेल्याला पाडणाऱ्याच्या मुलीची. एकेक नाव पुकारलं जात होतं आणि मी मागं मागं सरकत होते, कारण मधल्या सुट्टीत शेंगदाणे खात मी जे जे सांगितलं होतं, ते सगळं माझ्यासमोर टोपी घालून उभं होतं.

"ज्याला जमणार नाही त्यानं आत्ताच घरी जावं," मॅडम म्हणाल्या. "जबरदस्ती नाही."

एकजण जाईल तर शपथ. आपण गेलो तर समोरच्याचं पोरगं मोकळं सुटणार आणि आपल्या पोरावर मात्र पहारा राहणार. काकांनी एकदा पप्पांकडं बघितलं, टोपी नीट केली आणि माझ्या खिडकीत येऊन उभे राहिले.

त्यानंतर प्रयोगशाळेला बाहेरून कडी लागली. "एकाग्रतेसाठी," मॅडम म्हणाल्या. आत पोहे होते, चहा होता, शेप सर होते.

बीजगणिताच्या पेपरला तर आमच्या शाळेत एवढ्या शिट्ट्या वाजत होत्या की बैलगाड्यांची शर्यत परवडली. आमच्या खोलीत बाहेरगावचे एक पर्यवेक्षक होते, त्यांना कामच उरलं नव्हतं. एकदा त्यांनी मला पुरवणी द्यायला हात पुढं केला, तर काकांनी शिट्टी मारली. "सर! ते कागद आधी उलटून दाखवा. कोरे आहेत का?" सरांनी बिचाऱ्यांनी उलटूनपालटून दाखवले.

मधेच कुंपणापलीकडून दगडाला गुंडाळलेली चिठ्ठी आली. कुणासाठी होती देव जाणे. काकांनी उडी मारून हवेतच झेलली, उघडली, वाचली आणि म्हणाले, "अक्षर तरी काढावं लेकानं!" आणि खिशात टाकली.

मी वर्गसमीकरणाच्या शाब्दिक गणितात अडकले. नावेचं गणित. प्रवाहाच्या दिशेनं जाते, उलट येते, माझ्याकडं काही येईना. विचार करताना माझी नजर आपोआप खिडकीबाहेर गेली.

फुर्रर्र!

"ए! बाहेर कामून बघायलीस? उत्तर काय आंब्याला लागलंय?"

"काका, मी विचार करायलेय."

"खाली बघून कर! विचाराला मान वर लागत नसती."

मला हसू आलं आणि रागही आला. त्या रागातच क्ष धरला, वेग मांडला आणि काय झालं कुणास ठाऊक, नाव काठाला लागली.

तेवढ्यात जीप वाजली. भरारी पथक.

पथकाचे प्रमुख गाडेकर साहेब. आवारात पाऊल टाकलं आणि त्यांनी जे बघितलं ते त्यांच्या नोकरीत बघितलं नसणार. प्रत्येक खिडकीत माणूस! लपलेला नाही, लटकलेला नाही, टोपी घालून.

"हे तर राजरोस चाललंय!" त्यांचा आवाज आमच्यापर्यंत आला. "मॅडम, ताकीद मिळाली होती ना? मी केंद्र बंद करतो. निकाल राखीव. सगळ्यांचा!"

माझा पेन थांबला. सगळ्यांचा म्हणजे माझापण. नाव काठाला लावूनही बुडणार होते मी.

"साहेब, ते पहारेकरी आहेत," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

"पहारेकरी! मॅडम, माझे केस यात पिकले. खिडकीतला बाप पहारा देतो होय?"

"बाप नाहीत. विचारून बघा."

बूट वाजत आमच्या खिडकीशी आले. मला मान वर करायची भीती, पण कान होते की.

"काय हो, ही आतली मुलगी तुमची कोण?"

"नात्यानं पुतणी."

"बघा!" साहेब मॅडमना म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "घाबरू नका. हे बघा, या कागदावर सगळी उत्तरं आहेत. हळूच तिला द्या. मी तिकडं तोंड करतो."

मग काकांच्या गळ्यातून शिट्टी न वाजवताच ती वाजल्यासारखा आवाज निघाला.

"हिला? ह्या मुंज्याच्या पोरीला मी कॉपी देऊ? साहेब, शुद्धीत आहात ना? हिच्या बापानं माझा बांध कोरलाय! दर पेरणीला बोटभर बोटभर माह्याकडं सरकायलाय! आज म्हणता कॉपी द्या, उद्या म्हणाल, सातबारा पण हिच्या नावानं करून द्या!"

"कुणी कोरला रे बांध?" तीन नंबरच्या खिडकीतून पप्पांचा आवाज. "दिग्या! मोजणी आणून दाखव!"

"आण की! घाबरतो काय!"

"काचगुंडे!" मॅडम कडाडल्या. "दोघांपैकी कुणीही जागा सोडायची नाही!"

"सोडतंय कोण?" दोघं एकदमच म्हणाले. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा त्यांचं एकमत ऐकलं.

साहेब तो कागद घेऊन आणखी खिडक्या फिरले. सदाशिवपाशी त्यांना विहिरीचा इतिहास ऐकावा लागला. पडलेल्या उमेदवारानं तर त्यांच्या हातातला कागद फाडला आणि वर त्यांचंच नाव विचारलं, तक्रार करायला. शेवटी प्रयोगशाळेच्या दारावर आतून धपाधप ऐकू आलं.

"इथं काय कोंडलंय?"

"कॉपी," मॅडम म्हणाल्या. मग सावरून, "म्हणजे, कॉपी रोखण्याची कार्यशाळा."

आतून शेप सर ओरडत होते, "साहेब, चहा संपलाय!"

गाडेकर साहेब आंब्याखाली खुर्ची टाकून बसले, दोन ग्लास पाणी प्यायले. मी पेपर देऊन बाहेर आले तेव्हा ते मॅडमना विचारत होते, "मॅडम, केंद्र उत्तम. पण हे मी अहवालात कोणत्या उपाययोजनेखाली लिहू? जनजागृती?"

"लिहा, लोकसहभाग," मॅडम म्हणाल्या.

निकाल लागला. दर वर्षी शंभर टक्के लागणारी आमची शाळा निम्म्यावर आली. शेजारच्या गावच्या शाळेचा शंभर टक्के लागला आणि कॉपीमुक्तीची ढालही तिलाच मिळाली. नानासाहेबांनी मॅडमना सगळ्यांसमोर विचारलं, "शाळेची इज्जत घालवलीत. निकाल कामून पडला, याचा खुलासा द्या."

"देते की," मॅडम म्हणाल्या. "गेल्या वर्षीचा कामून चढला होता, तेवढं आधी कुणाला तरी विचारा."

मला अडुसष्ट टक्के पडले. गणितात एकसष्ट. मी उड्या मारत घरी गेले. पप्पांनी मोबाइलवर निकाल बघितला, परत बघितला आणि म्हणाले, "बरं झालं." तेवढंच. मशीनचा विषय काढला नाही, परभणीचाही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "दिग्या काय तीन तास जागा असंल होय? मागं रेलून झोपला असंल. लोक काय म्हणतील?"

म्हणजे सगळं जिथल्या तिथं. मी रात्रभर कूस बदलत राहिले.

सकाळी पप्पांबरोबर दुधाच्या डेअरीवर गेले. आमच्या गावात सगळ्या निकालांचा निकाल तिथं लागतो. किटल्या घेऊन माणसं रांगेत होती. पप्पा दिसले तसं सदाशिव म्हणाला, "काय मुंजाजी, अडुसष्ट टक्के म्हणं! आता दुसरी चौऱ्याऐंशी का?"

रांग हसली. पप्पा खाली बघायला लागले. माझे कान तापले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात रांगेच्या पुढच्या टोकाला कुणीतरी किटली दाणकन खाली ठेवली.

"काय म्हणालास?" दिगांबर काका होते. "परत म्हण."

"तुला काय झालं? तुझी थोडीच पोरगी आहे?"

"पोरगी गेली चुलीत! खिडकी कुणाची होती? कॉपी झाली म्हणतोस, म्हंजी मी काय तिथं झोपलो होतो का? माह्या खिडकीतून माशी आत गेली नाही! सगळे पेपर मी हिच्या डोक्यावर उभा होतो. पोरीनं मान वर केली की मी शिट्टी मारली. अडुसष्टमधला एक टक्काबी हिला कुणी दिला नाही. दिला म्हणणाऱ्यानं माह्या समोर यावं!"

कुणीच आलं नाही. काकांचा श्वास फुलला होता. त्यांनी किटली उचलली, चार पावलं गेले आणि वळले. पप्पांकडं न बघता, वजनकाट्याकडं बघत म्हणाले, "अन माह्या बालाजीला बेचाळीस पडलेत. लोक त्याला पण काही काही बोलायलेत."

सगळे आता पप्पांकडं बघत होते. मीपण. पप्पांनी घसा खाकरला.

"बेचाळीसच आहेत त्याचे," ते म्हणाले. "मी पापणी लवू दिली नाही. घाम गाळून काढलेत लेकरानं."

काकांनी किटली काट्यावर ठेवली. दूध घातलं आणि निघून गेले. बांधाचा वाद आजही कोर्टात आहे, तो भाग वेगळा.

आम्ही दोघं परत निघालो. पप्पा पुढं, मी मागं. चावडीच्या कोपऱ्यावर थांबले.

"दिग्या माह्याबद्दल शंभर खोटं बोलंल," ते म्हणाले. "पण माह्या भल्याचं खोटं मरेस्तोवर त्याच्या तोंडून निघायचं नाही."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"त्या बाई असतील का गं शाळेत आत्ता? परभणीला पोरींचं हॉस्टेल कोणतं चांगलंय, त्यांना ठाऊक असंल."

आणि रिकामी किटली हातात तशीच घेऊन पप्पा घराकडं नाही, शाळेकडं वळले.